कपाटावरची गिटार

हैदराबादेतल्या आपल्या मराठी घरांमध्ये हार्मोनियम-तबल्याच्या जोडीला आता आणखी एक वाद्य हमखास दिसतं. कपाटावर, कव्हरमध्ये, एक-दोन तारा तुटलेली गिटार. कुणीतरी आठवी-नववीत हौसेनं घेतलेली असते. मग दहावी येते, एमसेट येते, आणि ते कुणीतरी शिकायला किंवा नोकरीला बाहेर जातं. गिटार मागे राहते. दर दिवाळीच्या साफसफाईत आई विचारते, "हिचं काय करायचं?"

मी व्यवसायानं सॉफ्टवेअरवाला. कॉलेजपासून गिटार वाजवतो आणि सुट्टीच्या दिवशी ओळखीच्यांच्या गिटारी थोड्याफार ठीकठाक करून देतो. तेवढ्या अनुभवावर सांगतो: गिटार दोन प्रकारांनी झिजते, वाजवून आणि न वाजवता. यातली पहिली झीज स्वस्तात निघते. दुसरी महाग पडते.

आधी वाजवून होणारी झीज. सगळ्यात आधी तारा जातात. बोटांचा घाम लागून त्यांना गंज चढतो आणि आवाज मुका होतो. तारा बदलल्या की काम झालं. त्यानंतर फ्रेट, म्हणजे दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या. त्या बहुधा जर्मन सिल्वरच्या असतात. आजीच्या मांडणीतल्या भांड्यांमुळे हे नाव आपल्याला माहीत आहे. नावात चांदी असली तरी त्यात असतं तांबं, जस्त आणि निकेल. तारा पोलादी, म्हणून फ्रेटपेक्षा कठीण. वर्षानुवर्षं तार दाबून फ्रेटवर खाचा पडतात, त्यातही पहिल्या तीन फ्रेटवर जास्त, कारण सी, जी, डी हे नेहमीचे कॉर्ड तिथेच वाजतात. मग सूर खरखरतो. कारागीर फ्रेट घासून एका पातळीत आणतो. खाचा फारच खोल असतील तर नवे बसवतो.

आता न वाजवता होणारी झीज. पोलादी तारांच्या गिटारवर सहा तारांचा मिळून साधारण ७० किलोंचा ताण असतो. एक मोठा माणूस रात्रंदिवस लटकत असावा, तसा. तानपुऱ्याच्या तारा घोडीवरून जाऊन खाली भोपळ्याच्या टोकाशी बांधलेल्या असतात, त्यामुळे त्या घोडीला तबलीवर खाली दाबतात. गिटारमध्ये मात्र तारा ब्रिजलाच अडकवलेल्या असतात आणि ब्रिज पातळ फळीवर नुसता चिकटवलेला. तारा त्याला सतत वर खेचत असतात. फळी हळूहळू फुगते, ब्रिजची मागची कड उचलली जाते, दांडी पुढे झुकते. तारा दांडीपासून लांब जातात.

त्यात आपलं हवामान. एप्रिल-मेमध्ये चाळिशीचा कोरडा उन्हाळा, ऑगस्टमध्ये दमट हवा. लाकूड आकसतं, फुगतं आणि त्यासोबत सांधे हलतात. माळ्यावर किंवा उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत तर डिंकच मऊ पडतो. ही झीज डोळ्यांना पटकन दिसत नाही, बोटांना कळते.

माझ्या भाचीच्या बाबतीत हेच झालं. ती नववीत. तिच्या काकांची जुनी गिटार घरात होती. काका कॅनडात असतात. क्लास सुरू होऊन तीन महिने झाले होते. ताईचा फोन आला, "अरे, तिला जमत नाही बहुतेक. बोटं सोलून निघतात, रडते. बंद करू का क्लास?" मी शाळेची मोजपट्टी घेऊन गेलो. बाराव्या फ्रेटवर सर्वांत जाड तार आणि फ्रेट यांत अडीच मिलिमीटरच्या आसपास अंतर असावं. इथे पाच होतं. पट्टीच्या शेवटी शून्याआधी जी मोकळी जागा असते, ती अर्थातच मिळवून. ब्रिजच्या मागून कागद सहज आत सरकत होता. म्हणजे ती पोर तीन महिने दुप्पट अंतर दाबत होती आणि आपल्यालाच संगीत येत नाही असं समजत होती.

एका जुन्या दुरुस्ती करणाऱ्या काकांना गिटार दाखवली. ते म्हणाले, ब्रिज चिकटवून देतो, पण दांडीचा कोन गेलाय. दांडी काढून पुन्हा बसवायची तर गिटारच्या किमतीपेक्षा जास्त खर्च येईल. साध्या प्लायच्या गिटारींची गोष्ट बहुधा इथे संपते. अस्सल लाकडाची, शिसवी पाठीची गिटार असेल तर हाच खर्च करावा. कारण चांगल्या गिटारींत तो एकदा तरी येणारच, हे धरलेलं असतं.

दुरुस्तीची ही रीत आपल्याला परकी नाही. मिरजेत शस्त्रं घडवणाऱ्या, त्यांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांचं काम हाती घेतलं. आज मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन आहे. ते २०२४ मध्ये मिळालं. तारांनी घोडीवर खाचा पडल्या की जवारी बिघडते, मग कारागीर घोडी घासून ती पुन्हा काढतो. म्हणून तानपुरा आजीकडून नातीकडे जातो. गिटारचे फ्रेट घासणं हे त्याच जातीचं काम. फरक एवढाच की तानपुऱ्याची जवारी काढून घ्यायची असते हे आपल्याला ठाऊक आहे, गिटारलाही देखभाल लागते हे ठाऊक नाही.

मोठ्या कलावंतांच्या गिटारींचंही दोन तऱ्हांनी होतं. आंद्रेस सेगोव्हियानं जर्मनीच्या हर्मान हाउझरनं १९३७ मध्ये बनवलेली गिटार १९६२ पर्यंत वाजवली. १९८६ पासून ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. उलट अमेरिकन गायक विली नेल्सननं १९६९ मध्ये घेतलेल्या 'ट्रिगर' नावाच्या मार्टिन गिटारला वाजवून वाजवून मोठं भोक पडलं. तरी तो ती दुरुस्त करून घेत राहिला आणि भोकासकट मंचावर नेत राहिला.

आपल्या गिटारीला संग्रहालय काही मिळणार नाही. जुम्मेरात बाजारात काय भाव येईल तेही कळतंच. भाचीला आम्ही एक सेकंडहँड गिटार घेतली, मोजपट्टी लावूनच. काकांनी मात्र व्हिडिओ कॉलवर सांगितलं, "ती टाकू नका रे. पहिल्या पगाराची आहे."

तेव्हा मला ब्रिजभूषण काबरा आठवले. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्यासोबत जी गिटार आहे, ती त्यांची. गिटार आडवी ठेवून, तारांवर धातूचा दांडू सरकवून ते राग वाजवत. या पद्धतीत तारा फ्रेटपर्यंत दाबायच्याच नसतात. उलट त्या उंच असाव्या लागतात. म्हणजे दांडी झुकलेल्या गिटारचा दोष इथे गुण ठरतो.

ब्रिज चिकटवून घेतला, वरच्या टोकाला तारा आणखी उचलणारी पट्टी बसवली, सूर उतरवून लावले म्हणजे ताणही कमी. आता ती मांडीवर घेऊन मी यमनाशी झटापट करतो. काका तिकडून ऐकतात आणि "बेसूर आहे, पण चालू दे," म्हणतात.

तुमच्याकडची कपाटावरून काढा. आधी नव्या तारा लावा, बाराव्या फ्रेटवर अंतर मोजा, ब्रिजमागे कागद सरकतो का पाहा. अंतर ठीक असेल तर ती घरातल्या लहानाच्या हातात द्या. नसेल, तर निदान "आमच्या मुलाला जमलं नाही" हे वाक्य मागे घ्या. मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला गिटार घेऊन आलात तर मोजपट्टी माझ्याकडे असेलच.