मेंदूची संशोधनशाळा आणि तिच्यातले हात

द्वारसभा घेणाऱ्या माणसाने मेंदूविज्ञानावर काय बोलावे, असा प्रश्न श्रोत्यांना पडेल. आमचे उत्तर सरळ आहे : जिथे यंत्र आहे आणि त्या यंत्रापाशी माणूस उभा आहे, तिथे आमचा विषय आहे.

हरियाणात मानेसर येथे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांनी २००३ साली ते राष्ट्राला अर्पण केले. तेथे विद्यार्थी पीएच. डी. करतात. मेंदूचे चित्र घेणारे एम. आर. आय. यंत्र अशा ठिकाणी लागतेच. त्याचे चुंबक द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंशांवर, रात्रंदिवस थंड ठेवावे लागते. मेग नावाचे दुसरे यंत्र मज्जापेशींच्या विजेमुळे उठणारे चुंबकक्षेत्र मोजते. ते पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या कोट्यंशाहूनही क्षीण. म्हणून त्यासाठी बाहेरचे चुंबकत्व अडवणारी खास खोली बांधतात. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत तर १९९५ पासून मानवी मेंदूंची पेढी आहे.

पण यंत्र आपण होऊन संशोधन करीत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबैद सिद्दिकी यांनी फळमाशीवर मज्जासंस्थेचे काम उभे केले. या माशीची पिढी सुमारे दहा दिवसांत तयार होते. बाटल्या बदलण्याच्या दिवशी रविवार असो की दिवाळी, कोणाला तरी यावेच लागते. येतो तो विद्यार्थी.

त्याला मिळतो तो पगार नव्हे, पाठ्यवृत्ती. केंद्र सरकारची कनिष्ठ पाठ्यवृत्ती २०१४ साली दरमहा २५,००० रुपये झाली. पुढे वाढ मिळेना, तेव्हा देशभरचे संशोधक विद्यार्थी रस्त्यावर आले. २०१९ पासून ३१,००० झाले, २०२३ पासून ३७,०००. एकजुटीने मिळवलेली ही वाढ आम्ही कमी लेखत नाही. पण आकडा कागदावर असणे वेगळे आणि पैसा हातात पडणे वेगळे.

आमच्या युनियनमधल्या एका फिटरची मुलगी अशाच एका प्रयोगशाळेत आहे. तिची पाठ्यवृत्ती चार महिने थकली. बापाने प्रॉव्हिडंट फंडातून उचल काढून खाणावळीचे पैसे धाडले. मुलीला स्वतःचा फंड नाही, कारण कायद्याच्या लेखी ती कामगार नाही. मार्गदर्शकाकडे बोलावे, तर प्रबंध त्याच्याच हाती!

म्हणून तीन गोष्टी हव्यात : ठरल्या तारखेला पैसे, राहायला जागा किंवा तिचे भाडे, आणि मार्गदर्शकाखेरीज गाऱ्हाणे ऐकणारा कोणी. हेलियम आटू नये म्हणून त्याची तरतूद आधीच होते. विद्यार्थ्याच्या पोटाची तरतूदही त्याच अंदाजपत्रकात, तितक्याच आधी व्हावी, एवढेच आमचे मागणे.