राखीव प्रतीवरून डेटाबेसाचें पुनःस्थापन

एखादी पोथी एका संग्रहांतून दुसऱ्या संग्रहांत उतरवून घ्यावयाची झाल्यास दोन मार्ग असतात. लेखनिक बसवून तिची नक्कल करावी, किंवा पानापानाचें छायाचित्र घ्यावें. पहिल्या मार्गानें पाठ मिळतो, दुसऱ्यानें पाठासह पानाचें रूपहि मिळतें. आणि दोहोंचे दोष निराळे असतात. आपल्या पोथ्यांच्या, सनदांच्या व रुमालांच्या सूची आतां संगणकांतील डेटाबेसांत ठेवण्याचा प्रघात पडला आहे. तो डेटाबेस जुन्या यंत्रावरून नव्या यंत्रावर नेण्याचा प्रसंग आज ना उद्यां प्रत्येक संग्रहावर येणारच. तेथेंहि हेच दोन मार्ग आहेत हें दाखविणें, व त्यांतील धोक्याचीं स्थळें सांगणें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

उदाहरणादाखल पोस्टग्रेस ही प्रणाली घेतों. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेंत १९८६ सालीं मायकेल स्टोनब्रेकर यांनीं तिचा आरंभ केला. १९९६ पासून ती पोस्टग्रेस्क्यूएल या नांवानें चालू असून कोणासहि विनामूल्य वापरतां येते. एका सर्व्हरच्या ताब्यांतील सर्व डेटाबेसांस मिळून या प्रणालींत क्लस्टर म्हणतात. इतर प्रणालींत अनेक यंत्रांच्या जुळणीस हेंच नांव आहे. तो अर्थ येथें घेऊं नये. दप्तरखाना म्हणजे क्लस्टर, व त्यांतील एकेक रुमाल म्हणजे डेटाबेस, असें समजल्यास पुढील विवेचन सुलभ होईल.

पहिला मार्ग नकलेचा. पीजी-डंप नांवाचा प्रोग्रॅम डेटाबेस वाचून, तक्ते कसे बांधावे याच्या आज्ञा व त्या तक्त्यांतील ओळी एका फाइलींत लिहून काढतो. नक्कल चालू असतां इतरांचें लेखन थांबत नाहीं. तथापि नक्कल सुरू झाली त्या क्षणीं जी स्थिति होती तीच फाइलींत उतरते, मागाहून पडलेली भर तींत येत नाहीं. ही फाइल नव्या क्लस्टरांत वाचवून घेतली कीं डेटाबेस पुन्हां उभा राहतो. नवा सर्व्हर पुढच्या आवृत्तीचा किंवा निराळ्या जातीच्या यंत्रावरचा असला तरी चालतें.

येथें तीन गोष्टी विसरूं नयेत. पहिली ही कीं, पीजी-डंप एका वेळीं एकाच रुमालाची नक्कल करतो. वापरणाऱ्या माणसांचीं नांवें मात्र साऱ्या दप्तरखान्याचीं मिळून असतात व तीं त्या फाइलींत येत नाहींत. पीजी-डंपऑल या प्रोग्रॅमानें तीं निराळीं काढून नव्या ठिकाणीं आधीं घालावीं लागतात. एरवीं तक्ते येतात, पण त्यांचे धनी येत नाहींत. दुसरी, जुन्या आवृत्तीचा पीजी-डंप नव्या आवृत्तीच्या सर्व्हरची नक्कल करण्याचें नाकारतो. तिसरी, नोंदी चटकन् सांपडाव्या म्हणून बांधलेल्या शोधसूची या मार्गानें येत नाहींत, त्या बांधण्याची आज्ञा तेवढी येते. त्यामुळें मोठ्या संग्रहाच्या पुनःस्थापनास अपेक्षेहून पुष्कळ अधिक वेळ लागतो.

दुसरा मार्ग छायाचित्राचा. २०११ सालच्या ९.१ या आवृत्तीपासून मिळणारा पीजी-बेसबॅकअप हा प्रोग्रॅम साऱ्या क्लस्टरच्या फाइली जशाच्या तशा उचलतो. या कामास कित्येक तास लागतात व तेवढ्या अवधींत लेखन चालूच असतें. म्हणजे एक पान सकाळचें, तर दुसरें सायंकाळचें, अशी प्रत तयार होते. नुसत्या या प्रतीवर विश्वास ठेवतां येत नाहीं. तिला जोड हवी ती रोजकीर्दीची. खतावणींत रक्कम चढण्यापूर्वीं ती रोजकीर्दींत चढली पाहिजे, हा जमाखर्चाचा नियम दप्तरें चाळणाऱ्यांस ठाऊक आहेच. पोस्टग्रेसमध्यें हाच नियम आहे. कोणताहि फेरफार मूळ पानावर कायम होण्यापूर्वीं एका नोंदवहींत लिहिला जातो. तिचे भाग सामान्यतः १६ मेगाबाइटांचे असतात. प्रत घेण्याच्या आरंभापासून अखेरपर्यंतची ही रोजकीर्द प्रतीवर पुन्हां चढविली कीं सर्व पानें एका क्षणाचीं होतात. पुढील रोजकीर्दहि जपून ठेविली असल्यास हवें त्या क्षणीं थांबतां येतें. अकरा वाजतां कोणी चुकून तक्ता पुसला असेल, तर अकराला एक मिनिट कमी असतांची स्थिति परत आणतां येते. ही सोय २००५ सालच्या ८.० या आवृत्तीपासून आहे.

परंतु या मार्गास मर्यादा आहेत. दोन्हीकडे सर्व्हरची मुख्य आवृत्ति एकच व यंत्राची जात एकच हवी. आणि घ्यावयाचा तर सबंध दप्तरखाना घ्यावा लागतो, एक रुमाल निवडतां येत नाहीं. याहून सूक्ष्म असा एक धोका वर्णक्रमाचा आहे. कांहीं कोशांत क्ष हें अक्षर ककारांत असतें, कांहींत सर्वांत शेवटीं. एका क्रमानें रचलेल्या कोशांत दुसऱ्या क्रमानें शोधूं लागल्यास असलेला शब्दहि सांपडत नाहीं. शोधसूचीचें तसेंच आहे. तिचा वर्णक्रम बहुधा यंत्राच्या मूळ प्रणालीकडून घेतलेला असतो, आणि लिनक्सवर हा क्रम पुरविणाऱ्या जीलिबसी या संग्रहानें २०१८ सालच्या २.२८ या आवृत्तींत तो पुष्कळच बदलला. जुन्या लिनक्सवरील क्लस्टरची छायाचित्रप्रत नव्या लिनक्सवर मांडली, तर शोधसूची जुन्या क्रमाची व शोधणारा नव्या क्रमाचा, असा प्रकार होतो. नोंद असून "नाहीं" असें उत्तर येतें, व एकदांच असावयाची नोंद दोनदां शिरते. उपाय एकच: मजकुरावरील शोधसूची नव्यानें बांधून घेणें. पहिल्या मार्गांत शोधसूची नव्या ठिकाणींच बांधल्या जात असल्यानें हा दोष उद्भवत नाहीं.

आतां, राखीव प्रत आहे एवढ्यावर स्वस्थ बसणाऱ्यांसाठीं एक घडलेली हकीकत सांगतों. ३१ जानेवारी २०१७ रोजीं गिटलॅब या कंपनीचा एक अभियंता दुय्यम सर्व्हरवर मुख्य सर्व्हरची प्रत नव्यानें घेण्याच्या खटपटींत होता. दुय्यम सर्व्हरची जागा मोकळी करण्याची आज्ञा त्यानें चुकून मुख्य सर्व्हरवर दिली. चूक ध्यानीं येऊन हात आखडेपर्यंत सुमारें ३०० गिगाबाइटांपैकीं साडेचार उरले. दुय्यम सर्व्हर आधींच रिकामा झाला होता. नकलांची जागा पाहतात तों तीहि रिकामी. सर्व्हर ९.६ आवृत्तीचा व पीजी-डंप ९.२ चा असल्यानें नक्कल होतच नव्हती. आणि तसें कळविणारीं पत्रें आवश्यक त्या सहीच्या अभावीं परत फिरत असल्यानें कोणास पत्ता नव्हता. सुदैवानें सहा तासांपूर्वीं दुसऱ्याच एका कामासाठीं, चांचणीच्या सर्व्हरकरितां, हातानें एक प्रत घेतलेली होती. तीवरून डेटाबेस परत उभारला. मधल्या अवधींतील सुमारें ५००० प्रकल्प, ५००० अभिप्राय व ७०० नवीं खातीं कायमचीं गेलीं. कंपनीनें हा वृत्तान्त स्वतःच प्रसिद्ध केला, हें तिला भूषणावह आहे.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. मूळ सर्व्हरचें क्षणोक्षणीं अनुकरण करणारा दुय्यम सर्व्हर म्हणजे राखीव प्रत नव्हे. एकाच आदर्शावरून उतरलेल्या दोन पोथ्या जशा आदर्शाचा प्रमादहि उतरवितात, तसा तो मुख्य सर्व्हरवर पुसलेला तक्ता आपल्याकडेहि पुसून टाकतो. पाठशोधकास स्वतंत्र साक्ष हवी असते, तशीच येथेंहि हवी. दुसरें असें कीं, जिच्यावरून पुनःस्थापन करून पाहिलें नाहीं त्या प्रतीस प्रत म्हणूं नये. जुने लेखनिक पोथीच्या शेवटीं बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ या मानानें ग्रंथसंख्या देत, ती याच परीक्षेसाठीं. २०२० सालच्या १३ व्या आवृत्तीपासून पीजी-व्हेरिफायबॅकअप हा प्रोग्रॅम छायाचित्रप्रतीच्या फाइली त्यांच्या यादीशीं ताडून पाहतो. परंतु प्रत्यक्ष पुनःस्थापनाची जागा ती तपासणी घेऊं शकत नाहीं.

१२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्याच्या नदीकांठच्या पेठा पाण्याखालीं गेल्या. ५ जानेवारी २००४ रोजीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला. एका ठिकाणीं ठेवलेल्या एकाच प्रतीचा भरंवसा किती, हें आपणांस निराळें सांगावयास नको. ज्यांच्या सूची यंत्रांत आहेत त्या संग्राहकांनीं दर तीन महिन्यांनीं निराळ्या यंत्रावर राखीव प्रतीवरून पुनःस्थापन करावें. तक्त्यांतील नोंदी मोजून मुळाशीं ताडाव्या. माहितीच्या दहा-पांच पोथ्या शोधून पाहाव्या. आणि तारीख, लागलेला वेळ व आढळलेलें न्यून कागदावर टिपून ठेवावें. पोथीस पुष्पिका असते. राखीव प्रतीची पुष्पिका हीच.