क्लोरिन भरपूर, तरी पाणी हिरवे

वाळूज सोडून गंगापूरकडे निघाले, किंवा तिथून लासूर स्टेशनच्या रस्त्याला लागले, की हल्ली एखाद्या फार्महाऊसच्या कुंपणाआडून निळा पूल दिसतो. वैशाख लागेपर्यंत त्यातले काही हिरवट होतात. मालक किट काढून क्लोरिन तपासतो. आकडा येतो ३ पीपीएम, म्हणजे ठीकच. तरी पूल सांभाळणारा मुलगा फ्लोटरमध्ये आणखी दोन गोळ्या टाकतो, पाणी चार दिवस सुधारते आणि परत शेवाळ धरते. घोळ त्या गोळीतच आहे.

बाजारात ‘टीसीसीए ९०’ नावाने मिळणाऱ्या २०० ग्रॅमच्या गोळीत क्लोरिन सायन्युरिक ॲसिडला बांधलेले असते. क्लोरिन जंतू मारून, उन्हात उडून संपते. सायन्युरिक ॲसिड मात्र पाण्यातच राहते. यालाच स्टॅबिलायझर म्हणतात, आणि थोड्या प्रमाणात ते फार उपयोगाचे आहे. आपल्याकडच्या उन्हात उघड्या पुलातले नुसते क्लोरिन दोन-तीन तासांत जवळजवळ संपते. ३० ते ५० पीपीएम स्टॅबिलायझर असले तर ते दिवसभर पुरते. पण ते वाढत गेले की क्लोरिनला इतके धरून ठेवते की शेवाळ मारायला मोकळे क्लोरिन फारसे उरतच नाही. किटला मात्र मोकळे आणि धरलेले असे दोन्ही मिळून दिसते. साधा हिशेब असा, की स्टॅबिलायझरच्या निदान साडेसात टक्के क्लोरिन हवे. ४० पीपीएमला ३ पुरते, १२० झाले की ९ लागते. जागतिक आरोग्य संघटनाही १०० पीपीएमच्या पुढे जाऊ नका असे सांगते.

१२० गाठायला वर्षे लागत नाहीत. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल पुलात ४८ हजार लिटर पाणी मावते. त्यात एक गोळी विरघळली की स्टॅबिलायझर २ पीपीएमहून थोडे अधिक वाढते. उन्हाळ्यात रोज एक गोळी टाकली तर दोन महिन्यांत १२० ओलांडले जाते.

मोजायची रीत सोपी आहे. पुलाच्या पाण्यात किटमधले द्रावण मिसळले की ते दुधाळ होते. तळाशी काळा ठिपका असलेल्या नळीत हे पाणी हळूहळू ओतायचे आणि वरून पाहताना ठिपका दिसेनासा झाला की थांबून आकडा वाचायचा. हे घराबाहेर, उजेडात, सूर्याकडे पाठ करून करावे. आकडा १००च्या खुणेवर किंवा त्याही पलीकडे गेला तर नमुन्यात तेवढेच साधे पाणी घालून पुन्हा मोजावे आणि आलेला आकडा दुप्पट धरावा. कागदी पट्ट्यांवर मी तरी एवढा मोठा निर्णय सोपवणार नाही.

आता हे उतरवायचे कसे? पाण्याची वाफ होते तेव्हा स्टॅबिलायझर मागेच राहते, म्हणून आटलेले पाणी भरून काढल्याने काही फरक पडत नाही. वाळूच्या फिल्टरमध्ये ते अडकत नाही. त्याला खाणाऱ्या जिवाणूंच्या पुड्या मिळतात, पण त्यांचा भरवसा नाही. खात्रीचा उपाय एकच: जुने पाणी काढून नवे भरणे. १२० वरून ४० वर यायचे तर दोन-तृतीयांश, म्हणजे ३२ हजार लिटर बदलावे लागेल. बारा हजारांचे जवळजवळ तीन टँकर. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या मानकाने हे ५८० माणसांचे एका दिवसाचे पाणी झाले. जायकवाडीच्या नाथसागराचा फुगवटा गंगापूर तालुक्याच्या काठाला लागतो, तरी काठापासून आत गेले की बोअर आटतात. २०१६च्या दुष्काळात मैदानांना लागणाऱ्या पाण्यावरून मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर हलवायला लावले होते. शेजारची वस्ती टँकरची वाट पाहत असताना पूल उपसणे मला पटत नाही.

उन्हाळ्यात करायचे ते एवढेच: गोळ्या आजच बंद करून हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, वापरावे. त्यातून स्टॅबिलायझर वाढत नाही. मात्र हायपो उन्हात ठेवला की त्याचा जोर उतरतो, म्हणून कॅन सावलीत आणि थोडेच आणावेत. हायपोऐवजी ब्लिचिंग पावडर नको: तिच्यातून चुना येतो, आणि इथले बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी आधीच जड असते. स्टॅबिलायझरचा आकडा फारच चढला असेल तर पोहणे बंद ठेवावे, पण डास होऊ नयेत म्हणून मोटर आणि हायपो चालूच हवे.

खरे काम पावसाळ्यातले. शंभर चौरस मीटर स्लॅबवर एक मिलिमीटर पाऊस पडला की शंभर लिटर पाणी होते. गळती-नासाडी धरून ८० लिटर हाती येते, आणि पुलात थेट पडणारे ३२ लिटर वेगळे. स्लॅब आधी झाडून घ्यावा, पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडावे आणि मग पन्हाळीचा पाइप पुलाकडे वळवावा. हे पाणी जडही नसते. पूल एकदम रिकामा मात्र करू नये. काळी जमीन पाणी पिऊन फुगते, भिंतींवर दाब येतो, आणि फायबरचा पूल असेल तर खालून वर उचलला जाऊ शकतो. म्हणून ४० टक्के, म्हणजे साठ सेंटीमीटर पाणी पावसाच्या सुरुवातीला काढावे, भरू द्यावे, नीट मिसळू द्यावे आणि भाद्रपदात पुन्हा तेवढेच काढावे. १२०चे ७२, ७२चे ४३. दोन्ही मिळून साधारण ३४० मिलिमीटर पाऊस लागतो. पातळी खाली असताना स्किमरचा व्हॉल्व्ह बंद हवा, नाहीतर मोटर हवा ओढते.

काढलेले पाणी विहिरीत किंवा ओढ्यात सोडू नये. क्लोरिन थांबवून, किटवर शून्य दिसेपर्यंत थांबून बांधावरच्या कडुलिंबाला, नारळाला द्यावे. मातीतले जिवाणू सायन्युरिक ॲसिडचा निकाल लावतात. मोसंबीला मात्र नको, तिला पुलाचे खारवट पाणी सोसत नाही.

उरलेल्या गोळ्या चार दिवस गावाला जायचे असेल तेव्हासाठी कोरड्या जागी ठेवाव्यात. ब्लिचिंग पावडर त्यांच्या शेजारी नको, आणि एकाच फ्लोटरमध्ये तर दोन्ही कधीच नकोत. एकत्र आल्या की स्फोट होऊ शकतो.