शिंग आणि फ्रेंच हॉर्न

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याकडे जातांना वाटेंत सिल्लोड लागतें. लग्नसराईंत ह्या बाजूच्या एखाद्या गांवीं वरात निघाली कीं, कधीं शिंग तर कधीं तुतारी फुंकली जाते. आपण कौतुकानें मान वर करतों. शिंग थांबतें, आणि गाणें पुढें दुसरींच वाद्यें वाजवितात. शिंगानें वर्दी द्यावी, गाऊं नये, अशी जणूं वांटणीच ठरलेली आहे. ही वांटणी अटळ आहे काय? शिंगाच्या एका युरोपीय भावंडानें, म्हणजे फ्रेंच हॉर्ननें, ह्या प्रश्नाचें उत्तर दिलेलें आहे.

शिंगाला बासरीसारखीं छिद्रें नसतात, पेटीसारख्या पट्ट्याहि नसतात. वादकाचे ओठ थरथरतात आणि त्यामुळें नळींतील हवा बोलूं लागते. परंतु ती वाटेल तो सूर देत नाहीं. मूळ सूर षड्ज मानला, तर त्याच्या दुप्पट कंपनांचा वरचा षड्ज, तिपटीचा पंचम, चौपटीचा पुन्हां षड्ज, पांचपटीचा गांधार, सहापटीचा पंचम, अशा पायऱ्या ओठ आवळीत गेल्यानें क्रमानें मिळतात. खालच्या पायऱ्या एकमेकींपासून दूर असतात; ऋषभ तर नवव्या पायरीवर भेटतो. आंखूड शिंगावर इतकें उंच चढणें कठीण; म्हणून त्याच्या वांट्याला मोजक्या सुरांची ललकारीच येते.

हॉर्नहि मुळांत शिकारीचा इशारा देणारें शिंगच. कारागिरांनीं त्याची नळी लांबवून तिचें वेटोळें केलें. आजच्या नेहमींच्या हॉर्नची मुख्य नळी उलगडली तर सुमारें बारा फूट भरेल. ह्या लांबीमुळें वरच्या, लगत लगत असलेल्या पायऱ्या आटोक्यांत आल्या. अठराव्या शतकाच्या मध्यास ड्रेस्डेन येथील हांपेल ह्या वादकानें, कर्ण्यांत हात घालून मधले सूर काढण्याची रीत रूढ केली. पुढें १८१४ च्या सुमारास स्टोल्झेलनें झडपेची युक्ति काढली. कळ दाबली कीं नळीला जादा तुकडा जोडला जातो. त्यामुळें बाराहि स्वर हातीं आले. मात्र ओठ किंचित् चुकला तर आजहि शेजारचाच सूर लागतो, आणि नामांकित वादकहि ह्यांतून सुटलेले नाहींत.

एक हॉर्न एका वेळीं सामान्यतः एकच सूर देतें. चार हॉर्नें एकत्र आलीं म्हणजे मंद्रापासून तारापर्यंत एकाच जातीचा आवाज पसरतो. चार भावांनीं मिळून गावें तसा. वेबरनें १८२१ च्या आपल्या संगीतनाटकांत शिकाऱ्यांच्या गीताला हॉर्नांची साथ दिली, तर शूमाननें १८४९ मध्यें चार हॉर्नें पुढें आणि वाद्यवृंद मागें अशी रचना केली. विसाव्या शतकांत ज्युलियस वॉटकिन्सनें हेंच वाद्य जॅझमध्यें आणलें. अमेरिकन हॉर्न क्वार्टेट ह्या चौघांच्या मंडळीसाठीं केरी टर्नर ह्या तिच्यांतीलच वादकानें नव्या रचना केल्या. शिकारीचें वाद्य अशा रीतीनें रानांतून रंगमंदिरांत आणि तेथून जॅझच्या बैठकींत पोंचलें.

हें परक्यांनाच साधतें असें समजूं नये. केरळांतील देवळांच्या उत्सवांत वांकड्या कोंबूंची रांगच्या रांग उभी राहते. कोंबूलाहि सूर मोजकेच. परंतु वादक तेच सूर तालाच्या वजनावर असे फिरवितात कीं, ऐकणारा डोलूं लागतो. त्यांना झडपेची गरज लागली नाहीं.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. वाद्याची मर्यादा नळींत असते हें खरें. परंतु त्याहून मोठी मर्यादा आपण त्याला कोणतें काम सांगतों ह्यांत असते. हॉर्नसाठीं रचना करणारे भेटले. कोंबूला रांगेंतील सोबती भेटले. आमच्या शिंगवाल्याला मात्र वरात निघाली कीं बिदागी देऊन आपण मोकळे होतों. चार शिंगें एका सुरांत मिळवून पाहण्याची हौस एखाद्या गांवानें कां धरूं नये?

मुंबईस २००६ सालीं स्थापन झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या मैफलीस जाण्याचा योग आला, तर हॉर्नांकडे अवश्य कान द्या. आणि पुढच्या वरातींत शिंग वाजलें म्हणजे षड्ज, पंचम, पुन्हां षड्ज ह्या पायऱ्या ओळखून पाहा. तेंच कुळ, तीच हवा, हें आपलें आपणांस कळून येईल.