संगणक थंड ठेवायचा : पंखा की पाणी?

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील आम्हा कापडवाल्यांच्या पेढीवर आता संगणकाशिवाय पान हलत नाही. जीएसटीची बिले, ई-वे बिल, साडीचे डिझाइन, सारे त्यातच. सुटे भाग आणून संगणक जुळवून घेतला तर तो गरजेपुरता होतो आणि दुरुस्तीलाही सोपा पडतो. मात्र तो थंड कसा राहणार, याचा विचार आपण सर्वांत शेवटी करतो.

प्रोसेसरमध्ये जाणारी जवळजवळ सारी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. ती बाहेर गेली नाही तर प्रोसेसर ९५ ते १०० अंशांजवळ स्वतःच वेग कमी करतो. तापमान त्याहून वाढले तर संगणक बंद पडतो. ऐन लग्नसराईत, माल रवाना करायच्या दिवशी असे झाले तर नुकसान यंत्राचे कमी आणि दिलेल्या शब्दाचे जास्त होते.

निवडीचा पहिला प्रश्न : प्रोसेसर किती वॅटचा? हिशेब व बिलांसाठी इंटेलचा आय-५ १२४०० किंवा एएमडीचा रायझन ५ ५६००जी पुरेसा आहे. दोन्ही मुळात ६५ वॅटचे आहेत आणि पेटीबंद घेतल्यास कंपनीचा पंखा सोबत येतो. 'ट्रे'चा सुटा माल स्वस्त दिसतो, पण त्यात पंखा नसतो. तो खर्च धरूनच भाव करावा.

दिवसभर डिझाइनचे जड काम असेल तर टॉवर कूलर घ्यावा. तांब्याच्या नळ्या उष्णता ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांपर्यंत नेतात आणि पंखा ती उडवून लावतो. यात बिघडण्यासारखा भाग एकच, तो म्हणजे पंखा. तो कोणीही बदलू शकतो.

तिसरा मार्ग पाण्याचा. इंटेलच्या आय-९ १४९००के सारखा, भाराखाली २५३ वॅटपर्यंत जाणारा प्रोसेसर असेल तर तो शोभतो. पण हा संच महाग असतो, आणि पंप गेला की बहुधा पूर्ण संच बदलावा लागतो.

काहींची समजूत अशी की, पाण्याचा संच फ्रीजसारखा गारवा देतो. तसे नाही. पंखा असो वा पाणी, शेवटी उष्णता खोलीच्या हवेतच जाते. खोली ३० वरून ४२ अंशांवर गेली की प्रोसेसरही साधारण १२ अंशांनी जास्त तापतो. म्हणून एप्रिल-मेचा हिशेब धरूनच साधन निवडावे.

आपल्याकडे खरा शत्रू कापसाचा तंतू. मागाच्या शेजारच्या खोलीत तो पात्यांत आणि पाण्याच्या रेडिएटरमध्ये सारखाच अडकतो. पेटीला पुढे धुण्यासारखी जाळी असावी. हवा पुढून आत आणि मागून बाहेर जावी. पेटी जमिनीवर किंवा भिंतीला चिकटून ठेवू नये. महिन्यातून एकदा वीज बंद करून, पंख्याचे पाते बोटाने धरून ब्लोअर मारावा.

खरेदीपूर्वी कूलर आपल्या सॉकेटला बसतो का आणि त्याची उंची पेटीत मावते का, हे विचारावे. मोठे टॉवर सुमारे १६० मिलिमीटर उंच असतात. बसवताना कूलरच्या तळाची प्लास्टिकची पट्टी काढावी आणि थर्मल पेस्ट वाटाण्याएवढीच लावावी.

आमचा सल्ला असा : हिशेबाला सोबतचा पंखा, डिझाइनला टॉवर. पाण्याच्या संचाचे पैसे वाचत असतील तर ते यूपीएसला लावावेत.