उन्हाचा इशारा, विजेचाही

एप्रिल-मे महिन्यात हवामान खात्याचं पत्रक वाचताना अनेकांचा गोंधळ उडतो. सोमवारी अकोला, वर्धा, चंद्रपूरला उष्णतेची लाट आणि बुधवारी त्याच जिल्ह्यांत विजांच्या कडकडाटासह वादळी पाऊस. दोन्ही इशारे एकाच पत्रकात असतात. वाचणाऱ्याला वाटतं, खात्यालाच नक्की काय ते ठाऊक नसावं. प्रत्यक्षात या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या पोटातून निघतात. महाराष्ट्रातला उन्हाळा कधी सलग तापत नाही. तो तापतो, फुटतो, निवतो आणि पुन्हा तापतो.

सूर्य महाराष्ट्रात बरोबर डोक्यावर येतो तो मे महिन्यात. भर दुपारी सावली पायाखाली नाहीशी होण्याचा दिवस पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास असतो, तर नागपुरात २६ मेच्या आसपास. रब्बीची काढणी झालेली असते, रानं उघडी पडलेली असतात आणि काळी जमीन दिवसभर ऊन पिऊन घेते. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४७ अंशांच्या वर गेल्याच्या नोंदी आहेत. मात्र नुसत्या उन्हानं पाऊस पडत नाही. त्याला बाष्प लागतं आणि ते अरबी समुद्रावरून किंवा बंगालच्या उपसागरावरून येतं. या दिवसांत विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकमार्गे तमिळनाडूपर्यंत कमी दाबाचा एक लांबट पट्टा अनेकदा तयार होतो. त्याच्या एका अंगाला उत्तरेकडचे कोरडे वारे असतात, दुसऱ्या अंगाला समुद्रावरचे ओलसर. ते जिथे भिडतात तिथे तापलेली हवा वर उसळते आणि दुपारी तीन-चारच्या सुमारास ढगांचे मनोरे चढू लागतात. काही ढगांचे माथे १२ ते १५ किलोमीटर उंचीवर जातात. जमिनीवर माणूस घामानं निथळत असताना त्याच्या डोक्यावर पाचेक किलोमीटरवर पाणी गोठत असतं. गारा तिथेच तयार होतात.

पाऊस पडू लागला की थेंबांची वाटेत वाफ होते, हवा गार आणि जड होते आणि वेगानं खाली आदळून चहूकडे पसरते. सरींच्या आधी धुळीचे लोट उठवत येणारा सोसाट्याचा वारा तो हाच. अर्ध्या तासात पारा आठ-दहा अंशांनी उतरू शकतो. दुसऱ्या दिवशी मात्र ओल्या जमिनीतली वाफ हवेत मिसळते आणि आकडा कमी असूनही जीव जास्त कासावीस होतो.

१३ मे २०२४ च्या दुपारी मुंबईत असंच वादळ आलं. धुळीनं आकाश अंधारलं, विमानतळावरची वाहतूक काही काळ थांबली आणि घाटकोपरला पेट्रोल पंपावर महाकाय जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा जीव गेला. नियमांना धाब्यावर बसवून उभारलेला तो फलक तासाभराच्या वाऱ्यात आडवा झाला. वळवाच्या पावसाची गंमत म्हणून सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींत ही बाजू क्वचितच येते.

आता अंदाजाकडे वळायचं, तर तो एक नसतो. त्याचे थर असतात. फेब्रुवारीअखेरीस हवामान खातं मार्च ते मे या हंगामाचा कल सांगतं आणि पुढे दर महिन्याला तो सुधारतं. त्यात उन्हाचे दिवस नेहमीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता किती, एवढंच कळतं. अमुक तारखेला तासगावात काय होईल, हे त्यात शोधायला जाऊ नये. २०२५ मध्ये एप्रिल ते जूनसाठी देशाच्या बहुतेक भागांत नेहमीपेक्षा जास्त उष्णतेचा कल सांगितला गेला होता. प्रत्यक्षात तो मे महिना देशभराच्या पावसाच्या नोंदींत १९०१ पासूनचा सर्वांत ओला मे ठरला. त्यानंतर येतात दर गुरुवारी निघणारे पुढच्या काही आठवड्यांचे अंदाज, मग मुंबई आणि नागपूरच्या प्रादेशिक केंद्रांचे जिल्हावार इशारे. पिवळा रंग लक्ष ठेवा म्हणतो, नारिंगी तयारीत राहा म्हणतो आणि लाल आला की हालचाल करायची वेळ झालेली असते. शेवटचा थर पुढच्या तीन तासांचा, रडारवर दिसणाऱ्या ढगांवरून दिलेला. वादळी ढगाचं आयुष्यच तास-दोन तासांचं असल्यामुळे गावकऱ्याच्या खऱ्या उपयोगाचा थर हाच आहे. पत्रकात ‘तुरळक ठिकाणी’ लिहिलेलं असेल, तर त्या भागातल्या पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस अपेक्षित असतो. शेजारचा तालुका भिजला आणि आपला कोरडा राहिला, म्हणून अंदाज चुकला असं होत नाही.

उष्णतेच्या लाटेचे निकषही समजून घ्यायला हवेत. सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असलं, तर लाट धरतात. किनाऱ्यावर हीच मर्यादा ३७ अंशांची आहे. कोकणात दमट हवेमुळे घाम सुकत नाही, म्हणून कमी आकडाही घातक ठरतो. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावर भर उन्हात सोहळा झाला, तेव्हा पारा चाळिशीच्या खालीच होता. तरी उष्माघातानं दहाहून अधिक माणसं दगावली. लोकांना दुपारी उघड्यावर बसवायचं की नाही हे ठरवताना नुसता पारा पाहणं किती अपुरं आहे, हे त्या दिवसानं दाखवलं.

पावसाचा घाव सगळ्यात खोल बसतो तो सांगली जिल्ह्यात, तासगावकडच्या बेदाणा शेडवर. मार्च-एप्रिलमध्ये तिथे द्राक्षाचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून जाळीच्या रॅकवर पसरलेले असतात. वरून छप्पर, बाजू मोकळ्या. कोरडा वारा खेळता राहिला, तर पंधरा-वीस दिवसांत हिरवट-पिवळा बेदाणा तयार होतो. अशात आभाळ भरून आलं, की बायका-माणसं धावत प्लॅस्टिकचे पडदे खाली सोडतात. आडव्या सरी तरीही आत घुसतात. माल भिजला नाही, नुसती हवा ओली राहिली, तरी मणी चिकट होतात, काळे पडतात आणि भाव घसरतो. हेच कमी-अधिक फरकानं वसमतकडच्या वाळत घातलेल्या हळदीचं, नाशिकच्या काढून ठेवलेल्या उन्हाळ कांद्याचं आणि देवगड-रत्नागिरीच्या झाडावरच्या हापूसचं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट अनेक जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांच्या आजही लक्षात आहे.

विजेचा हिशेब तर थेट माणसांचा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार देशात वीज पडून दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात. त्यांत शेतात राबणारी आणि गुरं-मेंढरं राखणारी माणसं खूप असतात. पावसाची सर आली की ती झाडाखाली धावतात, आणि उंच एकटं झाडच विजेला जवळचं असतं. पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप आसपासच्या विजांची सूचना देतं. पण मेंढपाळाकडे चार्ज असलेला फोन आणि रेंज दोन्ही असेलच असं नाही. त्याला मोजणं मात्र जमतं. वीज चमकल्यावर तिसाच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. गुरं वळवून पक्क्या घरात शिरायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबायचं. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून तीन तासांचा इशारा गावभर देण्याची सोय व्हायला हवी. त्याला फार खर्च येत नाही.

मेच्या शेवटी हा पाऊस आणखी एका पेचात टाकतो. रोहिणीच्या सरी बरसल्या, जमीन ओली झाली, की तिफण बाहेर काढायचा मोह होतो. २०२५ मध्ये तर मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोचला. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. पण त्यानंतर त्याची वाटचाल जूनच्या मध्यापर्यंत अडखळली आणि राज्याच्या बऱ्याच भागांत उघडीप पडली. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत खोलवर ओल गेल्याशिवाय पेरणी करू नये, असं कृषी विभाग दर वर्षी सांगतो. सोयाबीन-कपाशीचं महागडं बियाणं एकदा मातीत गेलं, की दुबार पेरणीसाठी पुन्हा उसनवारी करावी लागते. म्हणून तिफण काढण्याआधी दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्ला पाहावा.