गल्ल्याच्या बाजूने पाहिलेलं आर्केड

ग्राइंडस्टोन नावाच्या एका काल्पनिक गावाच्या कडेला ‘किंग वॉश’ ही लाँड्री आहे. साल १९९३. दार उघडून आत शिरलं की आधी जमिनीवरचा कचरा गोळा करायचा, पिशवी बांधून बाहेरच्या कुंडीत फेकायची. खुर्च्यांना चिकटलेलं च्युइंगगम ओढून काढायचं. शौचकूप तुंबलं असेल तर तेही मोकळं करायचं. तोवर गिऱ्हाइकांच्या कपड्यांच्या टोपल्या येऊन पडलेल्या असतात. कपडे आधी वॉशिंग मशीनमध्ये, मग ड्रायरमध्ये आणि शेवटी घडीला. वेळेत झालं तर पैसे नीट मिळतात, उशीर झाला तर कमी. ‘आर्केड पॅराडाइज’ हा व्हिडिओ गेम इथून सुरू होतो आणि बराच वेळ इथेच थांबतो.

इंग्लंडच्या ईशान्येकडच्या न्यूकॅसल परिसरातल्या नोजब्लीड इंटरॅक्टिव्ह या लहानशा स्टुडिओने हा गेम घडवला. वायर्ड प्रॉडक्शन्सने तो ऑगस्ट २०२२ मध्ये कॉम्प्युटर, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि निन्टेन्डो स्विचवर आणला. याच स्टुडिओचा २०१७ चा ‘व्होस्टॉक इंक.’ हा गेमही असाच दोन टोकांना जोडणारा होता. एका बाजूला अवकाशातली धुमश्चक्री, दुसऱ्या बाजूला ग्रहांवर कारखाने उभारून नफा वाढवत नेण्याचा हिशेब. हात चालवण्यातली मजा आणि पैसा वाढताना बघण्यातली मजा एकत्र कशी नांदवायची, हा या मंडळींचा जुना ध्यास आहे. ‘आर्केड पॅराडाइज’मध्ये त्याला पहिल्यांदा खरंखुरं घर मिळालं, कारण नाणं टाकून खेळायच्या मशीनचा, म्हणजे आर्केडचा, धंदा याच दोन गोष्टींवर उभा राहिला होता.

गेममध्ये आपण अ‍ॅशली. वडील जेराल्ड स्वतः रिव्हिएराच्या किनाऱ्यावर जाऊन राहिलेत आणि लाँड्री आपल्या गळ्यात मारून गेलेत. अधूनमधून त्यांचा फोन येतो. कष्ट, शिस्त, जबाबदारी यांवर दोन शब्द सुनावले जातात. ‘द विचर’ या गेममालिकेतल्या गेराल्टला आवाज देणारे डग कॉकल यांनीच या जेराल्डलाही आवाज दिला आहे, आणि नावातलं साम्य गेम खेळणाऱ्यांच्या लगेच ध्यानात येतं. त्या खर्जातल्या आवाजामुळे एरवी साधी असलेली गोष्ट घट्ट उभी राहते. पोराला ऐदी समजणारा बाप आणि बापाला न सांगता त्याच्याच जागेत वेगळा धंदा थाटणारं पोर, एवढाच तिचा जीव आहे.

तो धंदा सुरू होतो मागच्या खोलीत. तिथे काही जुनी आर्केड मशीन पडून असतात. त्यांची पेटी उघडून नाणी काढली की कळतं, दिवसभर धुण्याला जुंपून घेऊन जे मिळतं त्याच्याशी या कोपऱ्याची कमाई सहज बरोबरी करू पाहते. मग एक नवीन मशीन मागवायचं. त्याच्या कमाईतून दुसरं. जागा पुरेनाशी झाली की भिंत पाडून खोली वाढवायची.

लाँड्रीच्या पोटात आर्केड वाढवण्याची ही कल्पना हवेतून आलेली नाही. अमेरिकेत आर्केड मशीन फक्त आर्केडमध्ये नसत. पिझ्झाची दुकानं, बार, किराणा दुकानं आणि नाणं टाकून कपडे धुवायच्या लाँड्र्या यांच्या कोपऱ्यात एखाद-दुसरं मशीन हमखास उभं असे. बरेचदा ते दुकानदाराचं नसायचंही. मशीन ऑपरेटरचं, जागा दुकानदाराची, आणि पेटीतल्या नाण्यांची दोघांत वाटणी. ऑपरेटर गाडी घेऊन ठिकठिकाणी फिरायचा, कुलूप उघडून नाणी मोजायचा, बिघडलेलं बटण बदलायचा आणि पुढच्या दुकानाकडे जायचा. लाँड्री त्याला फार सोयीची. कपडे धुऊन होईपर्यंत माणूस तिथेच अडकलेला, त्याला काम काही नाही, आणि खिशात सुटे पैसे आहेतच.

या धंद्याची पहिली मोठी चाहूलही अशाच एका ठिकाणी लागली. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल इथल्या अँडी कॅप्स टॅव्हर्न या बारमध्ये अटारी कंपनीने ‘पाँग’ या गेमचा नमुना आणून ठेवला. काही दिवसांत मशीन बंद पडल्याची तक्रार आली. तो गेम बनवणारे अ‍ॅलन अल्कॉर्न दुरुस्तीसाठी गेले, पाहतात तर नाण्यांचा डबा शिगोशीग भरला होता आणि नवीन नाणं आत जायला जागाच उरली नव्हती. व्हिडिओ गेमच्या इतिहासात ही हकिकत पुन्हा पुन्हा सांगितली जाते, कारण यश इतकं डोळ्यांना दिसेल असं क्वचितच मोजलं गेलं असेल. पुढे १९७८ मध्ये ताइतोचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आला, १९८० मध्ये नाम्कोचा ‘पॅक-मॅन’, आणि त्या डब्यांवर एक उद्योग उभा राहिला.

आर्केडवर लिहिताना बहुतेक जण पडद्यासमोर उभे राहून लिहितात: ती निऑनची रोषणाई, ते आवाज, हायस्कोरच्या यादीत आपल्या नावाची तीन अक्षरं. ‘आर्केड पॅराडाइज’ आपल्याला पडद्यामागे, कुलूपबंद दाराच्या आत नेऊन उभं करतो. मला हा गेम महत्त्वाचा वाटतो तो यासाठी.

इथल्या प्रत्येक मशीनच्या दोन गोष्टी मालक ठरवतो: एका डावाची किंमत आणि गेमची काठिण्यपातळी. किंमत वाढवली की एका डावामागे जास्त मिळतं, पण लोक मशीनकडे पाठ फिरवू शकतात. गेम अवघड केला तर माणूस लवकर हरतो आणि पुढचं नाणं लवकर पडतं, पण फार अवघड केला तर तो चिडून दुसरीकडे वळतो. हा ताळमेळ काल्पनिक नाही. खऱ्या मशीनच्या आत, सर्किट बोर्डवर, बोटाच्या नखाने सरकवता येतील अशा बारीक स्विचांची एक रांग असायची. त्यांना डिप स्विच म्हणत. ‘पॅक-मॅन’च्या बोर्डवर एका डावात किती जीव द्यायचे ते या स्विचांनी ठरायचं: एक, दोन, तीन किंवा पाच. जादा जीव १०,००० गुणांना द्यायचा, १५,००० ला, २०,००० ला, की द्यायचाच नाही, हेही तिथेच ठरे. नाण्याला एक डाव की दोन, पाठलाग करणारी भुतं नेहमीची की जास्त कडवी, सगळं त्याच बोर्डवर. एका गावातला ‘पॅक-मॅन’ दुसऱ्या गावातल्यापेक्षा कठीण वाटायचा त्याचं कारण अनेकदा एवढंच असे. समोर उभं राहून घाम गाळणाऱ्या मुलाला वाटे आपला हात बसला नाही, आणि आतमध्ये कुणीतरी एक स्विच इकडचा तिकडे केलेला असे.

हे सगळं माहीत असूनही जेव्हा गेममध्ये आपल्याच हातात तो स्विच येतो, तेव्हा वेगळंच काहीतरी होतं. जे मशीन आपल्याला स्वतःला आवडतं, ज्यावर आपण मगाशीच चांगला स्कोर केला, त्याची पातळी एक घर चढवताना बोट अडखळतं. खेळणारा आणि गल्ला मोजणारा हे दोघे एकाच माणसात भांडायला लागतात. कुठलीही प्रस्तावना, कुठलंही भाषण न देता, नुसत्या एका पर्यायातून हा ताण उभा करणं हे मोठं कसब आहे.

मशीन ३५ हून अधिक आहेत आणि प्रत्येक मशीनवरचा गेम पुरेपूर खेळता येतो. साध्या रेघांनी काढलेल्या सत्तरीच्या दशकातल्या गेमपासून नव्वदीच्या दशकातल्या ३२ बिटच्या जमान्यापर्यंत तीन दशकांचा पट यात मांडलेला आहे. नावं सगळी बनवलेली, पण पूर्वज ओळखू येतात. ‘रेसर चेसर’ घ्या. वरून पाहिला तर ‘पॅक-मॅन’सारखा चक्रव्यूह, पण इथे आपण गाडी पळवणारा चोर आहोत, पैसे गोळा करतोय आणि मागे पोलीस लागलेत. गाडी हातची गेली तरी खेळ संपत नाही. पायी पळत दुसरी गाडी गाठायची. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ची बेफिकिरी १९८० च्या चौकटीत बसवली असती तर काय झालं असतं, या प्रश्नाचं हे उत्तर आहे आणि ते इतकं जमलंय की तो गेम एकटा विकला असता तरी मी घेतला असता. पायांनी नाचायचं ‘सायबरडान्स युरोमिक्स’ आहे, एअर हॉकीचं टेबल आहे. सगळे गेम सारख्या ताकदीचे नाहीत. काही दोन डावांत ओसरतात. पण खऱ्या आर्केडमध्ये तरी कुठे सगळी मशीन चांगली असायची? कोपऱ्यातलं, कुणी हात न लावलेलं मशीनही त्या खोलीचाच भाग असे.

प्रत्येक मशीनला काही उद्दिष्टं जोडलेली आहेत. अमुक इतके गुण, अमुक टप्पा. ती आपण स्वतः खेळून पूर्ण केली की त्या मशीनची लोकप्रियता वाढते. लोकप्रिय मशीनच्या शेजारी दुसरं ठेवलं की त्यालाही गिऱ्हाईक मिळतं. म्हणजे मालकाने खेळणं हा वेळेचा अपव्यय नाही, तोच धंदा आहे. चांगल्या आर्केड मालकांना हे ठाऊक असायचं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ओटम्वा गावी वॉल्टर डे यांनी नोव्हेंबर १९८१ मध्ये ट्विन गॅलक्सीज हे आर्केड उघडलं. तिथे ठिकठिकाणचे उच्चांक नोंदवायला सुरुवात झाली आणि लवकरच ते लहानसं गाव विक्रमांसाठी ओळखलं जाऊ लागलं. गावातल्या आर्केडला नाव मिळालं ते वहीत नीट लिहून ठेवलेल्या आकड्यांमुळे.

आता जवळून एक प्रसंग बघा. मशीनमध्ये कपडे टाकले आहेत, काही मिनिटं मोकळी आहेत. आपण मागच्या खोलीत जाऊन ‘रेसर चेसर’समोर उभे राहतो. हात बसत जातो, पोलीस चकवले जातात, उच्चांक डोळ्यांच्या टप्प्यात येतो. आणि नेमकं तेव्हाच सूचना येते की कपडे धुऊन झाले. आता? डाव सोडून गेलो तर गुण गेले. नाही गेलो तर कपडे पडून राहतील आणि गिऱ्हाइकाच्या नजरेत आपली किंमत घसरेल. मी दर वेळी थांबलेच आहे, आणि दर वेळी कपड्यांना उशीर झाला आहे. कामाच्या वेळात चोरून खेळण्याची जी गोडी असते ती कुठल्याही मोठ्या, खर्चिक गेमला मला अशी कधी दाखवता आली नाही. इथे ती येते कारण काम खरोखर काम वाटतं.

कामांनाही खेळाचंच रूप दिलेलं आहे. कचऱ्याची पिशवी फेकताना पडद्यावर एक काटा फिरतो. तो नेमक्या जागी थांबवला तर जास्तीची कमाई. च्युइंगगम काढतानाही तसंच, ताकद आणि वेळ साधायची. रोजच्या कामांची यादी पूर्ण केली की वेगळं चलन मिळतं, आणि त्यातून पुढे काम हलकं करणाऱ्या सोयी विकत घेता येतात.

मधल्या टप्प्यात मात्र गेम दमतो. मशीन वाढतात तशा नाण्यांच्या पेट्याही वाढतात आणि एकेका मशीनपाशी जाऊन पेटी रिकामी करण्याचा फेरा कंटाळवाणा होतो. गिऱ्हाइकंही फार बोलकी नाहीत. खऱ्या आर्केडचा प्राण असलेली गर्दी, खांद्यावरून वाकून सल्ले देणारी मुलं, “आता माझा नंबर” म्हणून होणारी भांडणं इथे नाहीत. एवढी प्रेमाने सजवलेली खोली आणि त्यात माणसं जवळजवळ मुकी, ही या गेमची मला सर्वांत जास्त जाणवलेली उणीव.

ती जाणवण्याचं एक कारण आपल्याकडच्या आठवणींत आहे. गेमचं साल १९९३, आणि त्याच वर्षी कॅपकॉमचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ आर्केडमध्ये आला. मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत आपल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये तो त्या नावाने कुणालाच ठाऊक नव्हता. तो होता ‘मुस्तफा’. त्यातल्या मुस्तफा कैरो या पात्रावर पोरांचा इतका जीव की अख्ख्या गेमला त्याचंच नाव पडलं. नाणं किंवा टोकन टाकायचं आणि मुस्तफा घ्यायला दोघांची झटापट. मागे उभी असलेली चार पोरं पैसे नसतानाही पूर्ण गेम खेळत असायची, फक्त डोळ्यांनी. गल्ल्यावर बसलेला काका कुणाला किती वेळ नुसतं बघू द्यायचं हे ठरवायचा. त्या काकांच्या खुर्चीत बसवणारा गेम म्हणून ‘आर्केड पॅराडाइज’ आपल्याकडच्या खेळाडूला कदाचित जास्तच भिडेल.

गेम आल्यानंतर त्यात जास्तीची मशीन विकत घ्यायची सोय झाली आणि २०२४ मध्ये डोळ्यांवर हेडसेट लावून खेळायची आवृत्तीही निघाली. तिच्यात कपडे उचलणं, कचरा फेकणं सगळं स्वतःच्या हातांनी. ज्यांनी हा गेम अजून पाहिलेला नाही त्यांनी साध्या आवृत्तीपासूनच सुरुवात करावी. पहिले काही तास धुण्याचे असतील, त्यांची घाई करू नये. मागच्या खोलीतली पेटी उघडून पहिल्यांदा नाणी हातात घेईपर्यंत वडिलांचे फोन मुकाट ऐकून घ्यावेत.